कॅराव्हॅन मागून डुलते, आता काय करू?

ठाण्याहून आलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. यजमानांचा केटरिंगचा व्यवसाय असल्याने घरची मोठी व्हॅन आहे. गेल्या वर्षी एका फॅब्रिकेटरकडून मागे जोडायची छोटी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची राहण्याची खोली, बांधून घेतली. रिकामी आठशे किलो भरते, असे त्याने सांगितले. रिकामी होती तेव्हा छान चालली. गणपतीनंतर मात्र सामान भरून नाशिक हायवेला काढली, आणि पडघ्याच्या पुढे पंचाहत्तरच्या वेगात शेजारून लक्झरी बस गेली तशी ती डुलायला लागली. आधी थोडी, मग इतकी की व्हॅनचे मागचे टोक कोणी ओढतेय असे वाटले. यजमानांनी ॲक्सिलेटरवरून पाय काढल्यावर थांबली. धाकटे दीर म्हणतात, हुकावर, म्हणजे कॅराव्हॅन व्हॅनला जोडतो त्या पुढच्या टोकावर, भार येऊ नये म्हणून आपण मुद्दाम सगळे जड सामान मागे ठेवले आहे, हुक एका हाताने उचलता येतो, मग अडचण काय? पुन्हा डुलली तर थोडा वेग वाढवायचा, सरळ होते. दिवाळीत सगळे मिळून भंडारदऱ्याला जायचे ठरते आहे. सासूबाई आणि दोन्ही मुले कॅराव्हॅनमध्ये झोपून येतील म्हणतात. मी स्वतः व्हॅन चालवते, पण या विषयावर बोलले की 'तुला गाडीतले काय कळते' असे होते. मापे घेऊन सोबत पाठवली आहेत. मी काय करू?"

ताई,

बाकी सगळे नंतर. आधी हे घरात आजच सांगा: चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणीही बसणार नाही. सासूबाई नाहीत, मुले नाहीत, 'फक्त शहापूरपर्यंत' एवढ्यापुरतेही नाहीत. त्या खोलीत पट्ट्याची सीट नाही. भिंती प्लायवूडच्या आहेत आणि कपाटे स्क्रूवर टांगलेली आहेत. ती उलटली तर आतली माणसे, भांडी आणि सिलिंडर एकाच डब्यात गडगडतील. आत मूल रडले किंवा गॅसचा वास आला तरी पुढे चालवणाऱ्याला कळणारही नाही. सासूबाईंना बसवत नसेल तर तासा-तासाने गाडी बाजूला घ्या, त्यांना उभ्या कॅराव्हॅनमध्ये अर्धा तास आडवे होऊ द्या आणि मग पट्टा लावून पुन्हा व्हॅनमध्ये बसवा. प्रवास लांबेल, लांबू द्या.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती अगदी जागच्या जागी आहे. पडघ्यापुढे जे झाले ते बसमुळे झाले नाही. बसने फक्त एक धक्का दिला. नीट भरलेली कॅराव्हॅन असा धक्का खाऊन एक-दोनदा हलते आणि गप्प होते. तुमची हलतच राहिली, वाढत गेली, आणि त्याचे कारण दिरांनी आपल्या तोंडाने सांगितले आहे: हुक एका हाताने उचलता येतो.

हुकावर पडणारा भार म्हणजे टाळायचे ओझे, असा समज फार जणांचा असतो, आणि त्यामागे गाडीची काळजीच असते. पण कॅराव्हॅन सरळ राहते ती त्याच भारामुळे. ती व्हॅनला एकाच बिंदूत, व्हॅनच्या मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर (टो बॉल) जोडलेली असते आणि स्वतःच्या एक्सलभोवती, म्हणजे चाकांच्या आडव्या दांड्याभोवती, डावी-उजवीकडे वळू शकते. वजनाचा मध्य एक्सलच्या पुढे असला, तर वाऱ्याचा किंवा खड्ड्याचा धक्का बसल्यावर ती पुन्हा व्हॅनच्या रेषेत येते. मध्य एक्सलच्या मागे सरकला, की मागचे जड टोक प्रत्येक धक्क्याला आणखी बाहेर फेकले जाते आणि परत येताना व्हॅनचे शेपूट दुसऱ्या बाजूला ढकलते. गावाकडे बैलगाडीत मागे जास्त पोती पडली की गाडी उलार होते, जू मानेवरून उचलले जाते, आणि जाणता गाडीवान दोन पोती पुढे ओढल्याशिवाय निघत नाही. तुमची कॅराव्हॅन उलार झाली आहे, आणि तुम्ही ती पंचाहत्तरने ओढत होता.

प्रत्येक अशा जोडगाडीचा एक ठरावीक वेग असतो. त्याच्या खाली डुलणे आपोआप विरते. त्याच्या वर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. हुकावर पुरेसा भार असला की हा वेग बराच वर जातो, भार कमी पडला की तो साठ-सत्तरवरही येऊ शकतो. म्हणूनच 'वेग वाढवला की सरळ होते' हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. क्षणभर जोडणारी दांडी ताणली जाते आणि सरळ झाल्यासारखे वाटते, पण तुम्ही त्या धोक्याच्या वेगाच्या आणखी वर गेलेले असता. पुढच्या झोक्याला आवरायला जागाच उरत नाही. यजमानांनी पाय काढला, हे त्या दिवशी सर्वांत शहाणपणाचे झाले.

तुम्ही मापे पाठवलीत हे फार बरे केले. त्यामुळे अंदाजावर बोलावे लागत नाही. गोळ्यापासून एक्सलपर्यंत दहा फूट. पाण्याची शंभर लिटरची टाकी मागच्या पलंगाखाली, एक्सलच्या मागे पाच फुटांवर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा टाकी भरली की शंभर किलो. ते पाच फूट मागे आहे आणि हुक दहा फूट पुढे, म्हणून हुकावरून शंभराचे निम्मे, म्हणजे ५० किलो उचलले जातात. मुलांच्या सायकली आणि त्यांचा स्टँड मिळून तीसएक किलो, सात फूट मागे: आणखी २१ किलो गेले. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी मागच्या कप्प्यात सहा फुटांवर. अशी बॅटरी पंचावन्न किलोच्या आसपास असते, तेव्हा ३३ किलो गेले. एकूण १०४ किलो. फॅब्रिकेटरने रिकामी गाडी योग्य तोलून दिली असणार, म्हणून पहिल्या फेरीला ती शहाण्यासारखी चालली. भरताना तुम्ही तो तोल घालवलात. आता हुकावर पंधराएक किलो उरले असावेत, आणि म्हणूनच तो एका हाताने उचलला जातो.

किती हवा? अमेरिकेत कॅराव्हॅनच्या एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवतात. युरोपात ५ ते ७ टक्के चालतो. तिथल्या हुकांची मर्यादा कमी असते, कॅराव्हॅन वेगळ्या बांधणीच्या असतात आणि वेगही कमी ठेवावा लागतो. जर्मनीत कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाडीला ताशी ८० ही सर्वसाधारण मर्यादा आहे, १०० साठी वेगळी मंजुरी लागते. आपल्याकडचे रस्ते, अचानक येणारे गतिरोधक आणि खेटून जाणाऱ्या बसेस पाहता मी तुम्हाला दहा टक्क्यांच्या जवळ राहा असे सांगेन, आणि सातच्या खाली कधीही जाऊ नका. कॅराव्हॅन हजार किलो भरली तर हुकावर शंभर.

तुमच्या बाबतीत हे जमते का बघू. टाकी रिकामी ठेवून निघा, पाणी मुक्कामी भरा. पंधराचे पासष्ट झाले. अर्धी टाकी तर मुळीच नको, कारण अर्ध्या टाकीतले पाणी डुलण्याच्या तालात उसळत राहते. सायकली मागच्या स्टँडवरून काढा, स्टँडही काढा, आणि सायकली आत एक्सलच्या वर, जमिनीला पट्ट्याने बांधा. शहाऐंशी झाले. बॅटरी उचलून एक्सलच्या बरोबर वर आणा आणि लोखंडी चौकटीत पक्की करा. एकशे एकोणीस. आता थोडा जास्त झाला. तुमचा घरगुती सिलिंडर पुढच्या नाकावरच्या कप्प्यात आहे. त्यात गॅस १४.२ किलो आणि रिकाम्या टाकीचे वजन धरून तो तीस किलोच्या घरात जातो. त्याऐवजी ५ किलो गॅसचा छोटा सिलिंडर ठेवलात तर हुकावरचे चौदाएक किलो कमी होतील आणि आकडा एकशे पाचच्या आसपास येईल. दोन दिवसांच्या चहा-पोह्यांना तो पुरतो. प्रवासात त्याचा व्हॉल्व्ह बंद, रेग्युलेटर काढलेला, कप्पा खालून हवेशीर.

इथे एक गोष्ट मला जोर देऊन सांगायची आहे, कारण हिशेब जमला की लोक तिथेच थांबतात. मागे साठ किलो ठेवून पुढे साठ किलोने तोल साधला, तर काट्यावर आकडा बरोबर येईल, पण गाडी वाईटच चालेल. दोन्ही टोकांना जड असलेली वस्तू एकदा वळायला लागली की थांबवायला कठीण जाते. म्हणून जड ते सगळे एक्सलजवळ आणि खाली. अंथरूण-पांघरूण, कपडे, पोरांची खेळणी पुढच्या-मागच्या टोकांना. वरच्या कपाटांत चिवड्याच्या पिशव्या ठेवा, पितळी पातेली नकोत.

हे सगळे आकडे मी तुमच्या मापांवरून काढले आहेत. प्रत्यक्ष वजन करेपर्यंत त्यांवर विसंबून रस्त्यावर उतरू नका.

वजन करायला लागणारा काटा तुमच्या न्हाणीघरातच असेल. सोसायटीच्या पार्किंगमधली सपाट जागा निवडा. कॅराव्हॅन प्रवासाला निघताना जशी असेल अगदी तशीच भरा आणि चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे लावा. काट्यावर एक जाड फळी, फळीवर उभा ओंडका, आणि त्या ओंडक्यावर हुकाचा कपलर, म्हणजे गोळ्यावर बसणारी वाटी, टेकवायचा. पुढचे आधाराचे छोटे चाक वर उचललेले हवे, नाहीतर भार वाटला जाईल. ओंडक्याची उंची अशी कापा की कपलर व्हॅनच्या गोळ्याला जोडलेला असताना जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्याच उंचीवर राहील. हे महत्त्वाचे आहे, कारण नाक वर उचललेले असेल तर हुकावरचा भार कमी दाखवतो आणि गाडी रस्त्यावरही बिथरते. कॅराव्हॅन जोडल्यावर जमिनीला समांतर किंवा नाकाला बोटभर खाली हवी. फळी-ओंडक्याचे वजन आकड्यातून वजा करायला विसरू नका.

यानंतर एकदा ट्रकच्या वजनकाट्यावर जा. नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसीच्या बाजूला, कळंबोलीच्या लोखंड बाजारात, तळोजा एमआयडीसीत असे काटे आहेत. तुम्हाला भिवंडीकडचा जवळ पडेल. सकाळी ट्रकांची रांग लागायच्या आत पोहोचा आणि काटेवाल्याला आधीच सांगा की चार-पाच वेळा पुढे-मागे करायचे आहे. घरातली सगळी माणसे व्हॅनमध्ये बसवून आधी फक्त व्हॅन तोला, मग तिची फक्त पुढची चाके. मग कॅराव्हॅन जोडून, पण फक्त व्हॅनची चाके काट्यावर ठेवून. मग पुन्हा फक्त पुढची चाके. शेवटी फक्त कॅराव्हॅनची चाके. जोडल्यावर व्हॅनचे वजन जेवढे वाढले तो हुकावरचा भार, आणि तो कॅराव्हॅनच्या चाकांवरच्या वजनात मिळवला की तिचे खरे एकूण वजन. ट्रकचे काटे सहसा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवतात, म्हणून हुकाच्या बारीक आकड्यासाठी घरचा काटा जास्त भरवशाचा. मोठा काटा हवा तो एकूण वजनासाठी आणि पुढच्या चाकांसाठी.

पुढच्या चाकांसाठी का, ते नीट समजून घ्या, कारण व्हॅनवाल्यांची खरी अडचण इथे आहे. जीप-कारपेक्षा व्हॅनचे शेपूट लांब असते. तुमच्या गाडीत मागच्या एक्सलपासून गोळा पाच फूट मागे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधले अंतर, अकरा फूट. हुकावर शंभर किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर शंभर नाही, सुमारे १४५ किलो वाढतात, आणि पुढच्या चाकांवरून ४५ किलो उचलले जातात. तरफ जशी दाबली जाते तसेच. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटते, ब्रेकची पकड कमी होते, आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. टाटा विंगरसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनला तर चढावर ओल्या रस्त्यात चाके फिरत राहण्याची भीती असते. फोर्स ट्रॅव्हलरसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी त्या बाबतीत बरी, पण स्टिअरिंग आणि ब्रेकचा प्रश्न तिलाही चुकत नाही.

यावर उपाय हुक हलका करणे हा नाही. व्हॅनच्या मागच्या टोकातून केटरिंगची भांडी, टेबले, शेगड्या काढा. सामान न्यायचेच असेल तर दोन एक्सलच्या मधे ठेवा. व्हॅनच्या दाराजवळच्या पत्र्यावर एकूण वजनाची आणि एक्सलची मर्यादा कोरलेली असते ती वाचा आणि काट्याची पावती तिच्याशी ताडून पाहा. बाहेरच्या देशांत हुकाला स्प्रिंगच्या दांड्या लावून थोडा भार पुन्हा पुढच्या चाकांकडे ढकलतात. चांगली सोय आहे, पण हुक आणि चासी दोन्ही त्यासाठी बनवलेले असतील तरच. आणि चुकीच्या भरण्यावर तो उतारा नाही.

हुकाचीही मर्यादा असते. गोळा, दांडी, चासीला बसवलेला ब्रॅकेट आणि खुद्द व्हॅन, या चारांतला सर्वांत छोटा आकडा तुमचा. बंद पडलेली गाडी ओढायला बंपरखाली जी कडी असते ती या कामाची नाहीच. व्हॅनच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेली नसेल, तर ती अमर्याद आहे असे समजू नका, शून्य आहे असे समजा. कंपनीला लिहून लेखी उत्तर मागवा. ते उत्तर प्रतिकूल आले, तर ही कॅराव्हॅन दुसऱ्या गाडीने ओढावी लागेल. हे ऐकायला आवडणार नाही, तरी मी ते गोड करून सांगणार नाही.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि त्याने माझी झोप उडवली: कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक आहेत का? युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. तुमची हजारावर जाते. आपल्याकडचे काही फॅब्रिकेटर 'गाडीचेच ब्रेक पुरतात' असे सांगून मोकळे होतात. सपाट रस्त्यावर पुरल्यासारखे वाटतातही. भंडारदऱ्याहून परतताना कसारा घाट उतरायचा आहे. मागे हजार किलोंचा रेटा, वळण, पुढे हळू जाणारा कंटेनर. ब्रेक दाबला की मागची गाडी गोळ्यावर दाबून व्हॅनचे शेपूट बाजूला ढकलते. ब्रेक नसतील तर दिवाळीच्या आधी बसवून घ्या, नाही जमले तर ही दिवाळी हॉटेलात करा. बसवताना ओव्हररन पद्धतीचे मागा: व्हॅन हळू झाली की कॅराव्हॅन पुढे रेटते, त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागतात. त्यासोबत एक बारीक तार असते. हुक निसटला तर ती ताणली जाऊन ब्रेक ओढते. ती व्हॅनला स्वतंत्र जागी अडकवायची. आणि दोन साखळ्या हुकाखाली एकमेकींना छेदून बांधायच्या, म्हणजे दांडी निसटली तरी जमिनीत न घुसता त्या झोळीत पडेल.

टायरबद्दल दोन ओळी. बाजूवर लोड इंडेक्सचा आकडा असतो. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. तुमच्या कॅराव्हॅनच्या दोन चाकांवर नऊशे-हजार किलो येणार, तेव्हा ८५ चा टायर काठावर आहे, ९१ चा घ्या. टायरवरच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कॅराव्हॅनचे टायर झिजून कमी आणि उन्हात उभे राहून जास्त मरतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसली तरी जुने टायर बदला.

कागदपत्रांचेही पाहा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरलाही नोंदणीच्या तरतुदी लागू होतात, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर दिसावा लागतो. व्हॅनला हुक बसवताना कलम ५२ आडवे येऊ शकते. ते आरसीतल्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल करण्याविषयी आहे. तुमच्या ठाण्याच्या एमएच-०४ च्या आरटीओत दोन्ही आरसी घेऊन एकदा विचारून या, आणि विमा कंपनीला कॅराव्हॅन जोडतो हे लेखी कळवा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाड्या उभ्या करायच्या सोयी होतील, पण त्या ओढायच्या कशा हे शिकवणारे कोणी जवळपास सापडत नाही, म्हणून हे उत्तर एवढे लांबले.

रस्त्यावर वेग साठ ठेवा. ऐंशीने जाताना गाडीतली गतीची ऊर्जा साठच्या जवळजवळ पावणेदोन पट असते, आणि ती सगळी ब्रेकलाच खावी लागते. माजिवडा ते खारेगावची गर्दी पहाटे ओलांडा. पुढे पडघा, शहापूर करत जाताना मागून मोठी बस येताना दिसली की आधीच पाय थोडा हलका करा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट पण न झटकता धरा. ऐरोली किंवा वाशीच्या खाडीपुलावरून कधी नेलीत तर आडवा वारा लागतो, तिथेही हेच. घाट उतरताना ज्या गिअरने चढला असतात त्याच गिअरने उतरा, सुरुवातीपासूनच. मधे ब्रेक तापल्यावर गिअर शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्याने कसारा घाट टाळता येतो, पण तिथे बाकीच्या गाड्या १२० पर्यंत धावतात. साठने जाणाऱ्या जोडगाडीला मला तो रस्ता सोयीचा वाटत नाही.

तरीही डुलली तर? ॲक्सिलेटरवरून पाय काढा. ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, झोक्याच्या उलट फिरवून सावरायला जाऊ नका, कारण तुमचा हात झोक्यापेक्षा नेहमी अर्धा क्षण मागे राहतो आणि झोका वाढवतो. वेग उतरला की सुरक्षित जागी थांबा आणि सामान हलवल्याशिवाय पुन्हा निघू नका.

आता घरातल्या बोलण्याबद्दल. दिरांशी वाद घालू नका. त्यांनी गाडीची काळजी म्हणूनच सामान मागे ठेवले. त्यांना फक्त एवढे म्हणा, "भाऊजी, रविवारी हुक तोलून बघू या, आकडा तुम्हीच वाचा." आधी आत्ता जसे सामान आहे तसेच ठेवून तोला, मग टाकी रिकामी करून, मग बॅटरी हलवून. बॅटरी त्यांनाच हलवू द्या. काट्यावरचा आकडा पंधरावरून शंभरावर जाताना त्यांनी स्वतः पाहिला, की हा विषय घरात पुन्हा निघणार नाही. यजमानांना पडघ्याचा अनुभव आहेच. ते तुमच्या बाजूने बोलतील असे मला पत्रावरून वाटते, त्यांना आधी एकट्याने सांगा.

आणि तुम्ही चालवावी का? जरूर चालवा. ज्या बाईने न सांगता टेप घेऊन एक्सलपासून टाकीचे अंतर मोजले, तिच्या हातात ही गाडी द्यायला मला चिंता वाटत नाही. आधी रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानात मागे घेण्याचा सराव करा: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, म्हणजे कॅराव्हॅनचे शेपूट जिकडे न्यायचे तिकडेच हात जाईल. मागे एक माणूस उभा करा, तो आरशात दिसेनासा झाला की थांबा. वळणे बाहेरून घ्या, कारण कॅराव्हॅनची चाके व्हॅनच्या चाकांपेक्षा आत कापतात. काट्याच्या पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या सहलीला सामान बदलेल, तेव्हा त्या समोर ठेवून पुन्हा तोलायचे आहे.